दगडाआड लपून आलेले: मरीन टँकमधले आगंतुक जीव ओळखायचे कसे आणि आवरायचे कसे

नव्या टाकीत दगड रचून महिना झालेला असतो. पाणी निवळलेलं असतं, पहिली क्लाउनफिशची जोडी रुळलेली असते. मग एखाद्या रात्री सहज टॉर्च मारावा तर दगडाच्या भोकातून काहीतरी लांब, गुलाबी, केसाळ असं सर्रकन आत जातं. मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी, ठेवणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला ही रात्र येते.

माझ्या वाट्याला ती पहिल्याच वर्षी आली. घाबरून मी दुसऱ्या दिवशी तो दगड गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवला आणि पुन्हा टाकीत ठेवला. किडा मेला. त्याच्याबरोबर दगडाच्या पोटातले शेकडो बारीक जीवही मेले आणि आतल्या आत कुजले. अमोनिया चढला आणि चार दिवसांत दोन्ही मासे गेले. पुढे कळलं की तो साधा ब्रिसल वर्म होता. उरलेलं अन्न आणि मेलेलं काहीबाही खाऊन टाकी साफ ठेवणारा. ती जोडी मला अजून आठवते, आणि म्हणूनच नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

हे येतात कुठून

लाइव्ह रॉक म्हणजे मेलेल्या प्रवाळाचा सच्छिद्र सांगाडा. त्याच्या प्रत्येक भोकात कोणीतरी बिऱ्हाड केलेलं असतं. आपल्याकडे बरेच जण ड्राय रॉकवर, म्हणजे वाळलेल्या, जीव नसलेल्या दगडावर टाकी उभी करतात, आणि मग आगंतुकांचा प्रश्नच नाही असं समजतात. तसं नसतं. कोरलचा फ्रॅग, म्हणजे जिवंत प्रवाळाचा तोडून घेतलेला छोटा तुकडा, ज्या छोट्या सिमेंटच्या चकतीवर चिकटवलेला असतो, त्या चकतीच्या खालच्या बाजूने सगळ्यात जास्त पाहुणे येतात. गोगलगाईच्या शंखावरून, कीटोमॉर्फा या दोऱ्यासारख्या शैवालाच्या गुंत्यातून आणि दुकानातल्या पिशवीतल्या पाण्यातूनही येतात.

एक गोष्ट इथेच सांगते. मालवणला किंवा इतर कुठे गेल्यावर किनाऱ्यावरून प्रवाळाचा दगड उचलून आणू नका. दगड बांधणारे प्रवाळ, काळं प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि समुद्रपंखे हे 2001 सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. दुकानातून घेतानाही माल कुठला आहे ते विचारा आणि पक्कं बिल घ्या.

पहिली पायरी: टाकीत जाण्याआधी

लागणारं सामान घरातलंच आहे: दोन पांढऱ्या बादल्या किंवा पसरट टब, लांब चिमटा, जुना टूथब्रश, सुई काढलेली मोठी सिरिंज, भिंग, टॉर्च आणि रबरी हातमोजे. टब पांढराच हवा, कारण रंगीत टबात बारीक किडे दिसत नाहीत. हातमोज्यांशिवाय दगडाला हात लावू नका. ब्रिसल वर्मचे केस काचेच्या लोकरीसारखे कातडीत मोडून बसतात आणि दोन दिवस आग होते. कधी रुतलेच तर आधी चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग तो भाग व्हिनेगरमध्ये धरा.

दगड असेल तर त्याच तापमानाच्या, पण जास्त खारट पाण्यात एक-दोन मिनिटं बुडवा. टाकीची घनता 1.025 असेल तर हे पाणी 1.035 ते 1.040 पर्यंत न्या. खारेपणा वाढला की खेकडे, श्रिम्प आणि किडे भोकं सोडून बाहेर पळतात आणि टबाच्या तळाशी पडतात. त्यातले चांगले चिमट्याने उचलून परत ठेवता येतात. गोड्या पाण्यापेक्षा ही पद्धत दगडाला पुष्कळ सोसते.

कोरलचा फ्रॅग असेल तर कोरल डिप, म्हणजे किडे घालवायचं बुडवण्याचं औषध, वापरा. एका टबात टाकीचं पाणी घेऊन बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात डिप घाला. लिहिलेली मिनिटं घड्याळ लावून मोजा, आणि तेवढा वेळ सिरिंजने फ्रॅगवर पाण्याचे झोत मारत राहा. झोत मारणं हेच खरं काम आहे, नुसतं बुडवून ठेवलं तर चिवट किडे तसेच चिकटून राहतात. मग दुसऱ्या टबातल्या स्वच्छ खाऱ्या पाण्यात विसळा. डिपचं पाणी टाकीत जाऊ देऊ नका.

डिपने अंडी मरत नाहीत. हे एक वाक्य मला सुरुवातीला कोणी सांगितलं असतं तर माझ्या दोन माँटिपोरा (कोरलचीच एक जात) वाचल्या असत्या. ॲक्रोपोरा खाणाऱ्या चपट्या किड्यांची तपकिरी अंडी कोरलच्या बुडाशी, मेलेल्या भागावर पुंजक्याने असतात. माँटिपोरा खाणाऱ्या न्यूडिब्रँकची (शंख नसलेल्या समुद्री गोगलगाईची) अंडी पांढरट असतात आणि खालच्या बाजूला, सांदीत सापडतात. त्यामुळे जमेल तिथे फ्रॅग चकतीपासून सोडवा, बुडाचा मेलेला भाग कापा आणि नव्या चकतीवर लावा. जुनी चकती फेकून द्या.

दुसरी पायरी: वेगळं ठेवणं

वीस-तीस लिटरची साधी टाकी, एक हीटर, पाणी फिरवणारा छोटा पंप (पॉवरहेड) आणि कोरलपुरता दिवा एवढ्यावर भागतं. त्यात नवी वस्तू चार ते सहा आठवडे ठेवा, आणि दर आठवड्याला कोरल पुन्हा डिप करा, म्हणजे अंड्यांतून निघालेली पिल्लं मोठी होऊन अंडी घालण्याआधी सापडतात. जागा नाही, वीज लागते, घरचे कुरकुरतात, हे सगळं मला माहीत आहे. पण मुख्य टाकीत शिरलेला किडा काढायला सहा महिने जातात, त्यापुढे सहा आठवडे काहीच नाहीत.

तिसरी पायरी: रात्रीची पाहणी

आगंतुकांपैकी बहुतेक निशाचर असतात. दिवे बंद झाल्यावर दीड-दोन तासांनी, घरातले इतर दिवेही मालवून, टाकीसमोर बसा. टॉर्चवर शाळेच्या प्रकल्पाला लागतो तो लाल जिलेटीन कागद रबराने बांधा. बहुतेक कवचधारी जीवांना लाल उजेड फारसा जाणवत नाही, त्यामुळे ते पळत नाहीत. पहिली दहा मिनिटं काही दिसणार नाही. मग दगडावरून बारीक ठिपके धावायला लागतात, भोकांतून दोरे बाहेर येतात, आणि दिवसा ओसाड वाटणारा दगड गजबजून जातो. माझ्या दृष्टीने हा या छंदातला सगळ्यात सुंदर तास आहे.

मोबाइलवर फोटो काढा, शक्यतो व्हिडिओ घ्या, कारण जीव हलतो कसा यावरून ओळख लवकर पटते. वहीत तारीख, दगडाची जागा आणि अंदाजे लांबी लिहा. आठवडाभर हे केलंत की कोणापासून नुकसान आहे आणि कोण नुसता राहतो आहे, हे बरंचसं कळतं.

कोणाला राहू द्यायचं

यादी मोठी आहे. काचेवर पिठासारखे धावणारे पांढरे ठिपके म्हणजे कोपेपॉड. वाकड्या पाठीचे, कुशीवर सरपटणारे अँफिपॉड. भोकातून फक्त हात हलवणारे चिमुकले ब्रिटल स्टार. पिसाऱ्यासारखा पंखा उघडणारे फेदर डस्टर. वाळूवर पांढरे दोरे पसरणारा स्पगेटी वर्म. चपट्या शंखाची, भराभर चालणारी स्टोमाटेला गोगलगाय. आठ पट्ट्यांचं चिलखत घातलेला कायटन. उजेड न पोचणाऱ्या जागी वाढणारे पांढरे-पिवळे स्पंज. हे सगळे तुमचे बिनपगारी कामगार आहेत, त्यांना हात लावू नका.

ब्रिसल वर्मही यातच मोडतो. राखाडी-गुलाबी अंग, दोन्ही कडांना पांढऱ्या केसांचे झुबके, लांबी साधारण बोटभर. ते फारच दिसायला लागले तर तुम्ही अन्न जास्त घालता आहात एवढाच त्याचा अर्थ. अन्न कमी करा, संख्या आपोआप उतरते.

पण त्याच्या दोन नातलगांकडे लक्ष हवं. फायर वर्मच्या केसांच्या मुळाशी लालसर, फांद्या फुटलेल्या कल्ल्यांचे झुपके असतात, अंग जाड असतं आणि तो रात्री थेट कोरलवर चढून बसतो. दुसरा युनिस जातीचा. अंगावर इंद्रधनुषी झाक, केस आखूड आणि डोक्यावर पाच मिशा. लहान युनिस बरेचदा काही करत नाहीत, पण मोठा झाला तर प्रकरण गंभीर होतं. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या न्यूकी इथल्या ब्लू रीफ ॲक्वेरियममध्ये 2009 साली कोरल तुटलेले आणि मासे जखमी सापडत होते. शेवटी कर्मचाऱ्यांनी एकेक दगड उचलून टाकी मोकळी केली तेव्हा सुमारे चार फुटांचा बॉबिट वर्म निघाला. दगडातून लहानपणी आला असणार आणि आतच वाढला.

ॲस्टेरिना नावाचे नखाएवढे तारामासे वादग्रस्त आहेत. माझ्या टाकीत ते काचेवरचं शेवाळ खातात आणि मी त्यांना राहू दिलं आहे. झोअँथिड या बटणासारख्या कोरलवर रोज तोच तारामासा बसलेला दिसला आणि खालची कातडी गेलेली असली, तर मात्र हाताने वेचा.

ऐप्टेशिया: याच्याबाबत थांबू नका

आधी बघा, मग ठरवा, असं मी सगळ्यांबाबत सांगते. ऐप्टेशिया हा अपवाद आहे. पहिला दिसला त्याच आठवड्यात त्याचा निकाल लावा.

हा एक छोटा ॲनिमोन आहे. अर्धपारदर्शक तपकिरी देठ, वर टोकदार बारीक शुंडकांचं फूल. सावली पडली किंवा काडी लागली की क्षणात आत ओढला जातो. दिसायला देखणा असतो, आणि घोटाळा इथेच होतो. हे फूल फुकट मिळालं म्हणून नवीन माणूस खूश होतो. तीन महिन्यांत एकाचे चाळीस होतात आणि शेजारचे कोरल त्याच्या दंशाने आक्रसून जातात. त्याच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहतं आणि उजेडात त्याला अन्न पुरवतं, म्हणून उपाशी ठेवूनही तो लवकर मरत नाही. प्रवाळ आणि शैवालाच्या सहजीवनाचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळा हाच जीव वाढवतात, कारण तो वाढवणं इतकं सोपं आहे.

त्याला कापू, खरवडू किंवा चिरडू नका. देठाच्या बुडाचा कणभर तुकडा राहिला तरी त्यातून नवा उगवतो, आणि चिरडल्यावर असे तुकडे टाकीभर पसरतात. दगड बाहेर काढता येण्यासारखा असेल तर ज्या भागावर तो बसला आहे तेवढा खडा छिन्नीने उडवून टाका. ही माझी सर्वांत आवडती पद्धत आहे.

दगड हलवता येत नसेल तर कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट वापरा. विड्याच्या पानाला आपण लावतो त्या चुन्यात हाच पदार्थ असतो, पण पानाचा चुना टाकीत घालू नका, त्यात आणखी काय मिसळलेलं असेल ते सांगता येत नाही. कालकवासर म्हणून मिळणारी शुद्ध पूड घ्या. डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे घाला, चुना भाजतो. थोड्या आरओ पाण्यात दह्याइतकं दाट कालवा आणि बोथट सुईच्या सिरिंजमध्ये भरा. सगळे पंप बंद करा. सिरिंज हळूहळू ऐप्टेशियाच्या तोंडापाशी न्या आणि अंगाला न लावता वरून पेस्ट सोडा. तो अन्न समजून ती गिळतो. आत ओढला गेला की भोक पेस्टने पूर्ण बुजवा. पंधरा-वीस मिनिटांनी पंप सुरू करा. एका दिवसात चार-पाचच मारा, कारण चुन्याने पाण्याचा पीएच चढतो. तीन-चार दिवसांनी त्याच जागी पुन्हा बघा, बरेचदा बाजूला पिल्लू निघालेलं असतं. यासाठीची तयार औषधंही मिळतात, ती याच पद्धतीने वापरायची.

संख्या हाताबाहेर गेली असेल तर त्याला खाणारे जीव आणता येतात. पेपरमिंट श्रिम्प बऱ्याचदा काम करतो, प्रत्येक करतोच असं नाही. दुकानात त्याच्याऐवजी कॅमल श्रिम्प दिला जातो, तो कोरल खातो. पेपरमिंट अर्धपारदर्शक असतो आणि त्याच्या अंगावर लांबीच्या दिशेने बारीक लाल रेघा असतात. कॅमलच्या पाठीला कुबड असतं, रंग भडक लाल आणि मध्ये ठळक पांढऱ्या रेघा. बर्गिया नावाची न्यूडिब्रँक फक्त ऐप्टेशियाच खाते. मिळाली तर उत्तम, पण रॅस जातीचे मासे तिला खातात, आणि ऐप्टेशिया संपले की ती उपाशी मरते, म्हणून आधीच तिला घेणारा दुसरा टाकीवाला शोधून ठेवा. कॉपरबँड बटरफ्लाय मासा नवशिक्याने या कामासाठी आणू नये. त्याला मोठी टाकी लागते आणि तो बरेचदा खाणं धरत नाही.

मजानो ॲनिमोन आखूड, ठेंगणा, शुंडकांच्या टोकांना फुगीर गाठी असलेला. उपाय तेच.

टकटक आवाज आणि हरवणाऱ्या गोगलगाई

रात्री टाकीतून टिचकी मारल्यासारखा आवाज येतो तेव्हा दोन शक्यता असतात. पिस्टल श्रिम्प असेल तर फारसं बिघडत नाही, तो आपल्या बिळाशी असतो. मँटिस श्रिम्प असेल तर काळजीचं कारण आहे. फरक करण्यासाठी गोगलगाई मोजा. शंख फुटलेले किंवा भोक पडलेले मिळाले, बारीक मासे एकेक करून नाहीसे झाले, तर मँटिस समजा. त्याचे डोळे देठांवर असतात आणि वेगवेगळे फिरतात. मोर मँटिसच्या ठोशाचा वेग सेकंदाला 23 मीटरपर्यंत मोजला गेला आहे, म्हणजे ताशी 80 किलोमीटरहून जास्त. बोट भोकात घालू नका.

खेकड्यांमध्ये नख्यांची टोकं काळी आणि अंग केसाळ असेल तर तो बहुधा काढावा लागतो, मोठा झाल्यावर तो गोगलगाई, मासे, कोरल काहीही खातो. पण पोसिलोपोरा किंवा ॲक्रोपोराच्या फांद्यांतच राहणारा गुळगुळीत, चकचकीत छोटा खेकडा दिसला तर तो ट्रॅपेझिया असण्याची शक्यता मोठी. समुद्रात तो आपल्या कोरलवर आलेल्या काटेरी मुकुटाच्या तारामाशालाही चिमटे काढून पिटाळतो. त्याला ठेवा.

पकडायची सोपी युक्ती अशी. काचेचा गुळगुळीत ग्लास दगडाला टेकवून तिरपा ठेवा आणि आत कोलंबीचा तुकडा टाका. खेकडा दगडावरून आत उतरतो आणि काचेवरून वर चढू शकत नाही. मँटिससाठी पाण्याच्या बाटलीचं तोंड कापून उलटं आत बसवा, तोच तुकडा आत ठेवा. दोन-तीन रात्री लागतात. त्या दिवसांत माशांना संध्याकाळी खाऊ घालू नका, नाहीतर आमिषाकडे कोणी फिरकत नाही.

भोक कोणतं ते नक्की माहीत असेल तर दगड बाहेर काढून बादलीवर धरा आणि सिरिंजने त्या भोकात साधा, चव नसलेला सोडा वॉटर सोडा. आतला जीव बहुतेक वेळा काही सेकंदांत बाहेर पडतो. हे टाकीच्या आत करायचं नाही.

बाकीचे, थोडक्यात

व्हर्मेटिड गोगलगाय दगडाला चिकटलेल्या कडक नळीत राहते आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे चिकट धागे सोडते. ते धागे कोरलला त्रास देतात. नळी मोडा आणि तोंडावर जेल सुपरग्लूचा थेंब लावा.

लाल-तपकिरी चपटे किडे वाळूवर आणि काचेवर गालिच्यासारखे पसरले तर आधी नळीने जितके ओढून काढता येतील तितके काढा, मगच औषध घाला. मरताना ते विष सोडतात, आणि हजारो एकदम मेले तर मासेही दगावतात. ॲक्टिव्हेटेड कार्बन आणि बदलण्यापुरतं तयार खारं पाणी हाताशी ठेवल्याशिवाय औषधाची बाटली उघडू नका.

माशाच्या अंगाला टपोऱ्या डोळ्यांचा किडा चिकटलेला दिसला तर तो रक्त पिणारा आयसोपॉड. मासा धरून चिमट्याने किडा काढा, आणि दगडात आणखी असणार असं धरून मासे काही महिने दुसरीकडे हलवा.

व्हॅलोनियाचे हिरवे चकचकीत फुगे न फोडता मुळासकट उचला. एमराल्ड क्रॅब त्यांना बरेचदा खातो. शंकूच्या आकाराचा, लांब अरुंद चिरेसारखं तोंड असलेला शंख कितीही सुंदर दिसला तरी हातात घेऊ नका. कोन स्नेलचा काटा माणसासाठीही जीवघेणा ठरू शकतो.

दगड उकळू नका

सगळं मारून टाकू म्हणून दगड गॅसवर उकळायला ठेवणारी माणसं आहेत. कृपा करून हे करू नका. झोअँथिड आणि पॅलिथोआ या बटणासारख्या कोरलपैकी काहींत पॅलिटॉक्सिन असतं. उकळल्यावर ते वाफेबरोबर हवेत जातं आणि घरातल्या सगळ्यांच्या श्वासात उतरतं. त्यावर उतारा नाही. कोरडा दगड ब्रशने घासतानाही हाच धोका असतो. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरच्या स्टीव्हनटन गावात 2018 साली टाकीतलं कोरल साफ करताना संपूर्ण कुटुंब आजारी पडलं, आणि मदतीला गेलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांनाही दवाखान्यात न्यावं लागलं. पॅलिथोआ हाताळताना चष्मा आणि मोजे घाला. त्यानंतर ताप, तोंडात धातूची चव, दम लागणं असं काही झालं तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि पॅलिटॉक्सिन हा शब्द स्पष्ट सांगा.

काढलेल्या जिवांचं काय करायचं

खाडीत किंवा समुद्रात सोडायचं नाही. दया म्हणूनही नाही. कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे टाकीतलं शोभेचं शैवाल 1984 साली मोनाकोच्या सागरी संग्रहालयाच्या खालच्या समुद्रात आढळलं, आणि पुढे ते भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरवर पसरलं. कॅलिफोर्नियातल्या एका खाजणात तेच शैवाल 2000 साली सापडलं, ते पूर्ण काढायला सहा वर्षं लागली. ठाण्याच्या खाडीजवळ राहणाऱ्या माझ्यासारखीने तर हे विसरूच नये.

खेकडा किंवा मँटिस सम्पच्या (मुख्य टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीच्या) वेगळ्या कप्प्यात, दगडाच्या तुकड्यासह, छान जगतो. माझ्याकडे एक केसाळ खेकडा असा तीन वर्षं आहे. कोणी मँटिसची स्वतंत्र टाकी ठेवत असेल तर तो आनंदाने नेतो. मारायचंच असेल तर पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्यात टाका. शैवाल, चकत्या, खरवडलेला मळ यांनाही तोच नियम.

डिपचं आणि वेगळ्या टाकीचं काढलेलं पाणी बादलीत जमवा, त्यात घरगुती ब्लीच घाला, रात्रभर ठेवा आणि मग संडासात ओता. ब्लीचमध्ये व्हिनेगर चुकूनही मिसळू देऊ नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. चिमटा, सिरिंज, ब्रश गोड्या पाण्याने धुऊन उन्हात कडकडीत वाळवा, आणि त्यांच्यावर रंगीत पट्टी लावून ठेवा, म्हणजे मुख्य टाकीचं सामान आणि हे सामान एकमेकांत मिसळणार नाही.